मनोरमेची आई : पंडिता रमाबाई

मंडळाच्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या असे सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हिशेबाची वही आणि माहेरची पत्रे एवढेच माझे लिहिणे. पण त्या ऐकेनात, म्हणून वाचनालयातून पुस्तके आणून, दुपारची भांडी आवरल्यावर बसून हे लिहिले आहे. काही कमीजास्त झाले असेल तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

रमाबाईंचेच चरित्र का निवडले ते सांगते. माझे माहेर दौंडकडचे. पुण्याहून आगगाडीने जाताना केडगाव लागते. लहानपणी तेथे गाडी थांबली की वडील हात करून सांगत, त्या बाजूला रमाबाईंची मुक्ती आहे. आणि डब्यातली एखादी म्हातारी हळूच म्हणे की ती बाई बाटली होती. मला तेवढेच ठाऊक होते. पंडिता रमाबाई म्हणजे बाटलेली बाई, बस्स. पुढे कित्येक वर्षे मी त्या स्टेशनावरून गेले आणि आले, पण त्यापलीकडे काही विचारावे असे वाटले नाही.

या वर्षी आपल्या मंडळातल्या एका भगिनीची तरुण मुलगी गेली. त्या दिवसापासून त्या मंडळात आल्या नाहीत. आम्ही दोघीतिघी भेटायला गेलो होतो. भजनाला तरी या, मन रमेल, असे म्हटले. त्यावर त्यांनी विचारले की आता मी कोणत्या तोंडाने टाळ वाजवू? आमच्यापैकी एकीलाही उत्तर देता आले नाही. चहा घेऊन खाली मान घालून आम्ही परत आलो. त्यानंतर रमाबाईंची हकिकत वाचताना तो प्रश्न माझ्या मनात सारखा होता. म्हणून हे चरित्र.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी कर्नाटकातल्या गंगामूळ येथे, सह्याद्रीच्या दाट रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे पंडित. तरुणपणी ते पुण्यास शिकत होते. त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात जाऊन राणीसाहेबांना संस्कृत शिकवीत, ते त्यांनी पाहिले आणि आपल्या बायकोलाही शिकवायचे असे ठरविले. बायकांना देवभाषा शिकविणे म्हणजे त्या काळी मोठे पाप. गावचे व घरचे लोक विरुद्ध गेले, तेव्हा ते बायकोला घेऊन रानात जाऊन राहिले. त्या माउलीचे नाव लक्ष्मीबाई. ती शिकली, आणि पुढे आपल्या लहान रमेला पहाटे मांडीवर घेऊन तिच्याकडून श्लोक म्हणवून घेऊ लागली. शाळा नाही, पाटी नाही. आईच्या तोंडून ऐकून ऐकूनच रमेला हजारो श्लोक पाठ झाले.

रमा सहा महिन्यांची असताना घरदार सुटले. आल्यागेल्याचे आदरातिथ्य करता करता शास्त्रीबोवा कर्जात बुडाले होते. तेव्हापासून हे कुटुंब तीर्थयात्रेला लागले ते कायमचेच. तान्ही रमा वेताच्या पेटाऱ्यात घालून माणसाच्या डोक्यावरून नेली. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे, लोक देतील त्यावर राहायचे. मिळेल त्यातला भाग पुन्हा दानधर्मात जाई.

पुढे मद्रासकडे दुष्काळ पडला. पुराण ऐकायला लोकांच्या पोटात अन्न नाही, मग देणार कोठून? दागिने गेले, भांडी गेली, शेवटचा मूठभर तांदूळही संपला. शास्त्रीबोवा आंधळे व जर्जर झालेले. ब्राह्मणाने हलके काम करू नये या समजुतीमुळे मजुरीलाही कोणी गेले नव्हते. सगळे जण रानात शिरले. अकरा दिवस आणि अकरा रात्री झाडपाला, पाणी आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी काढल्या. अखेर भाऊ श्रीनिवास मजुरी करायला तयार झाला, पण तोवर उशीर झाला होता. 1874 साली वडील गेले. थोड्याच दिवसांत आई गेली. आईला खांदा द्यायला माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण मिळाले. रमाबाईंची उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून आईच्या तिरडीची आपली बाजू त्यांनी डोक्यावर घेतली. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. पुढे थोरली बहीणही गेली.

भगिनींनो, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. दोन दिवस पुन्हा उघडले नाही.

उरली ती दोन भावंडे. हजारो मैल पायी चालत ती उत्तरेला काश्मीरपर्यंत गेली. अंगावर पांघरूण नाही. थंडीच्या रात्री नदीकाठी वाळूत दोन खड्डे खणायचे, त्यात निजायचे, आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घ्यायची. असे करीत 1878 साली ती कलकत्त्यास पोचली. तेथे पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची विद्या पाहिली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. सभांतून तिची व्याख्याने होऊ लागली. चार दिवस बरे आले असे वाटते न वाटते तोच 1880 साली श्रीनिवासही गेला.

त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. ते ब्राह्मण नव्हते, म्हणून दोन्हीकडच्या लोकांना ते रुचले नाही. पण संसार सुखाचा होता. एप्रिल 1881 मध्ये मुलगी झाली. तिचे नाव ठेवले मनोरमा, म्हणजे मनाला आनंद देणारी. इतकी माणसे गमावलेल्या बाईच्या घरात आनंद आला तो या नावाने आला. पण मनोरमा दहा महिन्यांची होते न होते तोच, फेब्रुवारी 1882 मध्ये, पटकीने बिपिनबिहारी गेले. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. ना सासर, ना माहेर, आणि कडेवर मूल.

त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे वगैरे सुधारक मंडळींनी त्यांना आधार दिला. 1882 साली त्यांनी आर्य महिला समाज काढला. आज आपण मंडळाचा वर्धापनदिन साजरा करतो, त्या वेळी बायकांनी एकत्र जमून बसणे हेच केवढे धाडस होते! त्याच वर्षी हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी मुलींसाठी स्त्री-शिक्षिका आणि बायकांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात असे निक्षून सांगितले. स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. पुढच्या वर्षी मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. आपण स्वतः डॉक्टर व्हावे असे त्यांच्या मनात होते. पण त्यांना ऐकू कमी येत असे, त्यामुळे तो बेत सोडावा लागला. हा बहिरेपणा त्यांना जन्मभर पुरला.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथे ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या राहत होत्या. तेथल्या बायका त्यांना लंडनजवळ एका आश्रमात घेऊन गेल्या. ज्यांचे पाऊल वाकडे पडले अशा स्त्रियांना तेथे ठेवून घेत, शिकवीत, मायेने वागवीत. आपल्याकडे अशा बाईला उंबरा चढू देत नसत. या जोगिणींना एवढी दया कोठून येते असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा त्यांना येशूची एक कथा सांगण्यात आली. शोमरोनच्या विहिरीवर पाणी भरायला आलेली एक बाई, लोकांनी नावे ठेवलेली, आणि येशू तिला तुच्छ न लेखता तिच्याशी देवाच्या गोष्टी बोलतो. ही कथा त्यांच्या मनात रुतली. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात मोठा गदारोळ झाला. कालपर्यंत सरस्वती म्हणणारे लोक तोंड फिरवू लागले. आपल्या घरी आपला देवधर्म आहे, त्यामुळे हे वाचताना मलाही आधी अवघड वाटले. पण वाचत गेल्यावर दिसले की बाईंनी धर्म बदलला तरी माती बदलली नाही. अंगावर पांढरे लुगडे, जेवण शाकाहारी, तेच जन्मभर. आणि ख्रिस्ती गुरूंनी सांगितले तेही त्यांनी मुकाट्याने कधी मानले नाही. प्रत्येक गोष्टीवर वाद घातला.

1886 साली आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला रमाबाई मुद्दाम गेल्या. तेथे गावोगावी फिरून त्यांनी हिंदुस्थानातल्या बालविधवांची स्थिती सांगितली, त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि पैसा उभा केला. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. नऊदहा वर्षांच्या मुली विधवा होत, त्यांचे केस काढीत, एक वेळ जेवायला देत, आणि घरातले सगळे राबणे त्यांच्या वाट्याला येई. अशा मुलींना येथे पाटीपुस्तक मिळाले, डोक्यात माळायला फूल मिळाले. तेथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. महर्षी कर्व्यांनी पुढे ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या आनंदीबाई म्हणजे याच. दुसऱ्या वर्षी सदन पुण्यास आले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण माझ्या मते या चरित्राचे मर्म तिच्यात आहे. ख्रिस्ती होऊन आठ वर्षे झाली तरी रमाबाईंच्या जिवाला स्वस्थता नव्हती. धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांना वाटत होते. एवढी पंडिता, एवढे ग्रंथ वाचलेले, पण आत कोरडे. 1891च्या सुमारास त्यांना असे उमगले की तप, विद्या, पुण्य यांनी आपल्याला लायक करून मग देवापुढे जायचे, असे नाही. आपण आहोत तशा, रित्या हातांनी, त्याच्या पायाशी बसायचे आणि तो देईल ते घ्यायचे. लहानपणापासून ज्यांनी उपासतापास, तीर्थे आणि प्रायश्चित्ते पाहिली, त्यांच्या जिवाला तेव्हा विसावा मिळाला. त्यानंतर त्यांच्या ठिकाणी जो आनंद आला तो पुढच्या कोणत्याही दुःखाने गेला नाही.

दुःखे थांबली मात्र नाहीत. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. केसरीने टीकेची झोड उठविली. धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन मोडले असे लोक म्हणाले, तर मुलींना मी बोलावीत नाही पण हाकलूनही देणार नाही, असे बाईंचे म्हणणे. 1893 साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालक येऊन आपापल्या मुली घेऊन गेले. आपल्या लेकींच्या धर्माची काळजी त्या आईबापांना वाटली तर त्यात नवल नाही. पण रिकाम्या झालेल्या अंथरुणांकडे पाहून बाईंना काय वाटले असेल तेही आपल्याला कळते. ज्या मुली उरल्या त्यांना घेऊन त्यांनी शाळा चालू ठेवली.

1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. मुलींना चार पैशांसाठी विकले जात आहे, वाईट लोक त्यांना उचलून नेत आहेत, अशा बातम्या आल्या. सदनाजवळ पैसा बेताचा होता. पण वीस वर्षांमागचे ते रान, तो झाडपाला, ती आईची तिरडी बाईंना आठवली आणि त्यांना घरी बसवेना. त्या स्वतः गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. उवांनी भरलेली डोकी, अंगावर फोड, हाडांचे सापळे. काही तर वाचल्याच नाहीत. त्याच वेळी पुण्यात प्लेग, म्हणून शहरात जागा मिळेना. केडगावला सदनासाठी घेतलेली माळरानाची जमीन होती. तेथे तंबू ठोकले. विहिरी खणल्या, झाडे लावली. हीच मुक्ती. 1900 साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तेथूनही मुली आणल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांचा स्वयंपाक! आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला दीडशे बायका येतात तर आमची दोन दिवस आधीपासून धावपळ. तेथे रोज दोन वेळा चूल पेटायची. मुली स्वतःच दळीत, रांधीत, शेतात राबत, माग चालवीत, तेल काढीत, शिवण करीत, छापखान्यात खिळे जुळवीत. आणि त्यांना लिहावाचायला येई. फसविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. आंधळ्या मुलींसाठी बार्तिमी सदन होते. तेथे मनोरमाबाईंनी, त्या आता मोठ्या होऊन परदेशात शिकून आल्या होत्या, बोटांनी वाचायची लिपी शिकविली. मुलगेही आले होते, त्यांच्या घराचे नाव ठेवले सदानंद सदन. उपासमारीतून आलेल्या अनाथ पोरांच्या घराला सदानंद हे नाव! मला आधी ते विचित्र वाटले. मग वाटले की ज्या बाईने स्वतः ती उपासमार भोगली होती तिनेच हे नाव ठेवावे, दुसऱ्या कोणी ठेवले असते तर ती थट्टा झाली असती.

रमाबाईंनी मराठीत भजने केली आणि मुली ती टाळ-मृदंगावर म्हणत. विलायती चाली उसन्या घेण्याची त्यांना गरज वाटली नाही. 1905 साली तेथे प्रार्थनेची मोठी लाट आली. शेकडो मुली रडत, आपल्या चुका सांगत, आणि मग आनंदाने गात. प्रार्थना झाली की पुन्हा जाते आणि माग. आजाऱ्यांची सेवा कोणाला चुकत नसे.

उतारवयात बाईंनी आणखी एक काम अंगावर घेतले. बायबलचे मराठी भाषांतर खेड्यातल्या साध्या बायकांना समजत नाही, म्हणून त्यांनी स्वतः हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सगळे बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले. कान जवळजवळ गेलेले, डोक्यावर एवढ्या संसाराची काळजी. पंधरा-सोळा वर्षे हे काम चालले. 1919 साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले.

आपल्या मागे मनोरमा हे सारे सांभाळील असा त्यांचा भरवसा होता. पण मनोरमाबाई आजारी पडल्या आणि 24 जुलै 1921 रोजी, चाळिसाव्या वर्षी, आईच्या आधी गेल्या. आईबाप, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता एकुलती एक मुलगी. मनाचा आनंद म्हणून जिचे नाव ठेवले तीच गेली. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, थकलेल्या, बहिऱ्या. त्यांना दुःख झाले नाही असे मी म्हणणार नाही. आई ती आई. पण त्यांनी देवाला दोष दिला नाही आणि दार लावून घेतले नाही. मुलींची चौकशी चालूच राहिली, आणि भाषांतराच्या छापील कागदांची तपासणीही. ते काम हातावेगळे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी डोळे मिटले. लेक गेल्याला अजून नऊ महिनेही झाले नव्हते. त्यांचे बायबल 1924 साली पूर्ण छापून निघाले. 1989 साली सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. केडगावची मुक्ती आजही निराधार स्त्रिया व मुले सांभाळते.

रमाबाईंचा देव आणि आपला देव एक की वेगळा, यावर बोलायची माझी योग्यता नाही. मला एवढेच दिसले की त्यांचा आनंद हा हसण्याखिदळण्याचा नव्हता आणि दुःख विसरण्याचाही नव्हता. तो त्यांनी कोणा माणसावर टांगून ठेवला नव्हता, म्हणून माणूस गेल्यावर तो गळून पडला नाही. आपल्यावर प्रेम करणारा कोणी आहे आणि तो आपल्याला सोडणार नाही, या भरवशावर तो उभा होता. म्हणून भुकेची आठवण त्यांना कडू करू शकली नाही. त्या आठवणीनेच त्यांना दुसऱ्यांच्या मुलींकडे नेले.

परवा पुन्हा त्या भगिनीकडे गेले होते. या वेळी मी त्यांना मंडळात या असे म्हटले नाही, टाळाचेही काही बोलले नाही. रमाबाईंची ही हकिकत थोडी थोडी सांगितली. मनोरमेपाशी आले तेव्हा माझाच गळा दाटला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग उठल्या, कपाट उघडले, आणि मुलीचे शिवणाचे यंत्र आपल्या मंडळाच्या वर्गाला, एखाद्या गरजू मुलीला शिकायला द्यावे असे त्यांनी सांगितले. यंत्राचे तेल आणि सुयांची डबीही काढून दिली. यंत्र पोचवायला आपण स्वतः येऊ, असेही म्हणाल्या.

त्या येतील तेव्हा त्यांची नेहमीची जागा आपण मोकळी ठेवू या. आता येणाऱ्या गाडीने केडगावला उतरून मुक्ती पाहून यावी असे माझ्या मनात आहे. कोणाला यायचे असल्यास सांगावे.